कोळपीची राखण

डुकरं पहिल्यांदा आली ती पितरपाटात. भात नुकतंच निसवलं होतं. दाणा नखानं दाबला की दूध यायचं. सकाळी साक्षी तोंड धुऊन बांधावर आली, तर खालच्या खाचरातलं भात कुणी अंगाखाली घेऊन लोळल्यासारखं आडवं झालेलं. चिखलात खुरांचे ठसे, आणि चघळून टाकलेल्या लोंब्यांचा चोथा.

हिरामण बांधावर उकिडवा बसला होता. मोडलेलं एक धाट त्यानं हातात धरलं होतं.

"किती आली असतील, काका?"

"कळप असंल. पिल्लं बी होती, हे बघ बारीक खूर." त्यानं धाट फेकलं आणि तो उठला. "आता चव लागली ना. आता रोज येतील."

साक्षी पगारे देवळाली कॅम्पची. वडील धोंडीराम तिथंच एका ऑफिसात कारकून. शेतकीच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप लागते, म्हणून ती आषाढात इथं आली होती. पेठच्या पुढं घाट उतरून, राखीव जंगलाच्या पोटात विनय सरांची ही शेती. सरांच्या आजोबांनी कधी काळी घेतलेली. तिन्ही बाजूंना साग आणि ऐनाचं रान, चौथ्या बाजूला ओहोळ. सर नाशिकला राहत आणि सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन येत. फाटकावर त्यांनी 'विषमुक्त शेती' अशी पाटी लावली होती. शेती करायचे मात्र तिघं: सालदार हिरामण भोये, त्याची बायको सावित्रीबाई आणि म्हातारा बाप कोंडाजी. एकुलती लेक लग्न होऊन सुरगाण्याकडं गेलेली. विहिरीजवळच्या कौलारू घरात तिघं राहत, आणि शेजारच्या अवजारांच्या खोलीत साक्षीची खाट.

पहिल्या पंधरवड्यात साक्षीच्या तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. आवणीला, भाताची रोपं लावताना, दिवसभर वाकून राहिल्यानं संध्याकाळी तिला सरळ उभं राहता येईना. सावित्रीबाईनं तिला पालथं झोपवलं आणि कोमट तेल घेऊन कमरेत अंगठे रुतवले.

"रडतेस का बाय?"

"नाही मावशी."

"रड की. मी बी रडायची लगीन झाल्यावर. सासू म्हनायची, चिखलाला सवय होईल तुझी."

साक्षी उशीत तोंड खुपसून हसली, आणि मग खरंच थोडी रडली.

तेव्हापासून ती सावित्रीबाईच्या मागंमागं. शेण काढायचं, डांगी गाईचं मूत धरायचं, ड्रमात गूळ-बेसन कालवून जीवामृत ढवळायचं. सावित्रीबाई कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. एका रविवारी सर पाहुणे घेऊन आले. त्यातल्या एका बाईंनी मोबाईल धरला आणि म्हणाल्या, "मावशी, परत एकदा करा ना. हसत करा." सावित्रीबाईनं धुतलेला हात परत ड्रमात घातला. बाईंना ऊन पाठीमागून हवं होतं, म्हणून ड्रम सरकवला, आणि तिसऱ्यांदा घातला. हसली मात्र नाही. पाहुणे गेल्यावर राखेनं हात घासत ती साक्षीला म्हणाली, "शेनाचं मला काय नाय गं. पन माझं नाव तरी इचारायचं."

तर आता डुकरं. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. खाचरांभोवती झटका मशीन होतं, सौर पाटीवर चालणारं. त्याचा झटका माणसाला नुसता चिमटा काढल्यासारखा लागायचा, जनावर मात्र बिचकायचं. पण पावसात त्याची बॅटरी बसली होती. नवी आणतो म्हणून सर दर वेळी सांगत आणि दर वेळी विसरत. हिरामणनं बांधावर माळा घातला. कोंडाजी आणि तो आळीपाळीनं वर बसून पत्र्याचा डबा बडवायचे. म्हाताऱ्याचा आवाज बसला. हिरामणचे डोळे लाल व्हायला लागले. दिवसा गवत कापताना तो उभ्या उभ्या पेंगायचा, आणि एकदा विळा पोटरीला लागला. डबा वरच्या अंगाला वाजला की डुकरं खालच्या अंगाला शिरायची. ऐनाच्या रानात नुसती हाळी दिली तरी वनखात्याचा गार्ड येऊन सांगून गेला, "मारायचं बिरायचं नाही हां. केस होते." डुकराच्या केसाला धक्का लावायचा नाही आणि भातही सोडायचं नाही, यातलं कसं काय करायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

भात साधं नव्हतं. जुन्या वाणाचं, कोळपी. सरांनी नाशिकच्या लोकांना दिवाळीचा तांदूळ कबूल केलेला.

फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या आंब्याखाली लागे. हिरामणचा फोन बिघडला होता, म्हणून सरांशी बोलायला साक्षीचा फोन घेऊन दोघं वर गेली. आवाज नीट येईना, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"सर, खालचं खाचर निम्मं गेलं," हिरामण म्हणाला. "बॅटरी पाठवा. दोन मान्सं राखनीला द्या. आमची तब्येत राहीना."

"अरे, माणसं आता कुठून आणू? सगळी द्राक्षाच्या कामाला गेलीत. बॅटरी बघतो मी. पण हिरामण, भात जाता कामा नये. मी शब्द देऊन बसलोय लोकांना."

"मग काय करू, सर?"

मग सर म्हणाले, "पलीकडच्या पाड्यावर लोक काय करतात? त्यांची नाही जात भातं."

"ते तार लावत्यात. लाइटीची."

"मग? तुला काय कमी आहे? मोटारीची लाइन आहे, तार आहे." सर हसले. "मी काही सांगितलं नाही हां. तुझं तू बघ. पण ह्या वर्षी भात गेलं, तर पुढच्या वर्षी सालदार ठेवायचा की नाही, ते मला बघावं लागेल."

फोन बंद झाला. हिरामणनं तो शर्टाला पुसून साक्षीला परत दिला. उतरताना साक्षी म्हणाली, "काका, तसली तार नका लावू. माणूस मरतं."

"मला काय कळत नाय का?" तो म्हणाला. मग वाटेत परत थांबून, "बाबाला घेऊन जाऊ कुठं मी? ह्या वयात?" आणि पुढं चालू लागला.

संध्याकाळी त्यानं बांबूच्या खुंट्या ठोकल्या. सावित्रीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथून तिला ठोकल्याचा आवाज आला. ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर गेली. साक्षीला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"काढ ती."

"राती लावायची, पहाटं बंद करायची. तू तिकडं जाऊ नको, बस."

"मान्साच्या वाटंत मरन मांडलंयस तू."

"मग काय करू? तू सांग!" हिरामण ओरडला. एवढ्या महिन्यांत साक्षीनं त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "डबा बडवून बडवून बाप माझा मराया टेकलाय. सांग ना!"

सावित्रीबाई मागं वळली. आत येऊन तिनं भाकरी परातीत आपटली. तिचे किनारे फाटले, तशीच तव्यावर टाकली. जेवताना साक्षीला वाटलं, वडिलांना विचारावं. पण टेकडीवर जायला अंधार पडला होता, आणि सकाळी विचारू म्हणत ते राहून गेलं.

डुकरं आली नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाहीत. एक रानमांजर तारेला चिकटून मेलेलं सापडलं, ते कोंडाजीनं ओहोळापलीकडं पुरलं. हिरामण पहाटे उठून मोटारीच्या खोलीतला खटका पाडायचा आणि मग घरात येऊन सांगायचा, "बंद केली." ते ऐकल्याशिवाय सावित्रीबाई कुणाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसे. त्या दिवसांत घरातली सगळी झोपली. कोंडाजीचा खोकला कमी झाला. लोंब्या जड होऊन वाकल्या, पिवळ्या पडायला लागल्या. हिरामण म्हणाला, "ह्या पुनवंनंतर काढनीला लागू. मग तारच काढून टाकतो." तार लावल्यापासून सावित्रीबाई पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलली.

त्या सकाळी धुकं होतं. हिरामण उठला तेव्हा लाइट गेलेली होती. घरातला दिवाही लागेना. तो मोटारीच्या खोलीकडं निघाला होता, तेवढ्यात गोठ्यात गाय पाय झाडत ओरडली. वासराचं दावं तिच्या पायात अडकलं होतं. तो तिकडं धावला.

"बंद केली का?" सावित्रीबाईनं आतून विचारलं.

"लाइटच नाय. आता काय बंद करायचं? गाय सोडवून जातो."

दावं कापावं लागलं. गाय मोकळी झाली, पण वासरू त्याच्या हातून निसटलं आणि शेपटी वर करून उतारानं खाली पळालं, थेट भाताकडं. सावित्रीबाई दारात उभी होती. "अगं अगं अगं," म्हणत ती त्याच्यामागं धावली. साक्षी विहिरीवर पाणी शेंदत होती. तिनं पाहिलं: वासरू बांधावरून उडी मारून तार ओलांडून गेलं. सावित्रीबाई दवानं भिजलेल्या बांधावरून घसरली, तोल सावरायला तिनं हात पुढं टाकला. त्याच वेळी साक्षीच्या पाठीमागं घरातला दिवा लागला.

आवाज काही झाला नाही. सावित्रीबाई खाचराच्या कडेला बसल्यासारखी झाली आणि मग भातावर कलंडली.

"खटका!" साक्षी किंचाळली. बादली विहिरीत गेली. ती मोटारीच्या खोलीकडं धावली, दार ढकललं, खटका पाडला. बाहेर आली तेव्हा हिरामण बांधावर पोचला होता आणि म्हातारा कोंडाजी दोन्ही हातांनी त्याचा सदरा मागं ओढत होता. "हात नको लावू! हात नको लावू रं पोरा!"

"बंद केला!" साक्षी ओरडली. "बंद केला, काका!"

हिरामणनं बायकोला उचललं. तिच्या उजव्या तळव्यावर आडवी काळी रेघ उठली होती. साक्षीनं कॉलेजात शिकलेलं तिच्या छातीवर करून पाहिलं, दोन्ही हातांनी दाबत राहिली, स्वतःच्या तोंडावरून घामाचे थेंब सावित्रीबाईच्या लुगड्यावर पडेपर्यंत. शेवटी कोंडाजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे बाय. गेली ती."

वासरू पलीकडं उभं राहून भात खात होतं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. पाड्यावरची माणसं आली, पोलीस आले, पंचनामा झाला. सावित्रीबाईला तालुक्याला नेलं आणि कापून परत आणलं. सुरगाण्याहून लेक आली, ती आईच्या पायाशी पडली ती उठेना. हिरामणनं अग्नी दिला, आणि तिथूनच पोलीस त्याला घेऊन गेले. जाताना त्यानं मागं वळून बापाकडं पाहिलं नाही.

विनय सर दुसऱ्या दिवशी आले. पांढरा सदरा घालून ते कोंडाजीजवळ जमिनीवर बसले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. मग साक्षीला बाजूला घेऊन म्हणाले, "तू घाबरली असशील. घरी जा. सर्टिफिकेट मी कॉलेजला पाठवतो, चांगला शेरा देतो. पोलिसांनी विचारलं तर एवढंच सांग, की शेतीचं तांत्रिक तू बघत होतीस, तारेचं तुला माहीत नाही."

"मला माहीत होतं, सर. फोन माझाच होता."

सर तिच्याकडं बघत राहिले. "फोनवर माणूस काय वाटेल ते बोलतो, साक्षी. तू लहान आहेस. ऐकण्यात फरक पडतो."

संध्याकाळच्या एसटीनं वडील तिला न्यायला आले. तिनं त्यांना टेकडीवरच्या आंब्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं. धोंडीरामांनी चष्मा काढून खिशात घातला. खाली सावित्रीबाईच्या घरातून म्हाताऱ्याचं रडणं ऐकू येत होतं.

"मोठी माणसं आहेत ती," ते म्हणाले. "तुझं वर्ष जाईल. मला ऑफिसात कुणीतरी येऊन भेटेल." मग म्हणाले, "पण तुला विचारलं, तर जे ऐकलं ते सांग. न ऐकलेलं एक अक्षर सांगू नको. मी येतो सोबत."

पोलीस ठाण्यात साहेबांनी तिला खुर्ची दिली. तिनं जसंच्या तसं सांगितलं: पाड्यावरचे लोक काय करतात ते, मोटारीची लाइन ते, आणि 'मी काही सांगितलं नाही' तेही. साहेब लिहीत होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही म्हणता, पण आरोपी तसं म्हणत नाही." त्यांनी शिपायाला खूण केली.

हिरामणला आणलं. दाढी वाढलेली, सदऱ्याला अजून त्या खाचराचा वाळलेला चिखल. साक्षीला बघून तो भिंतीला टेकला.

"काय रे, मालकानं सांगितलं होतं का तार लावायला?"

"नाय साहेब."

"काका!" साक्षी उभी राहिली. "आंब्याखाली, स्पीकरवर. तुम्ही होतात ना!"

"सर म्हनले बॅटरी बघतो. तार मी माझ्या मनानं लावली." तो जमिनीकडं बघत पाठ केल्यासारखं बोलत होता. "पोर चांगली हाय साहेब. तिला काय कळत नाय."

साक्षीच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. वडिलांनी तिचा दंड धरला आणि बाहेर आणलं. ठाण्याच्या आवारात एक वकील गाडीला टेकून उभा होता. हिरामणचा जामीन सरांनीच बघायचं ठरवलंय, असं त्यानं आपण होऊन सांगितलं, जणू दोघांना ते ऐकून बरं वाटणार होतं.

कॉलेजात तिच्याबद्दल सरांचं पत्र आलं नाही, सर्टिफिकेटही आलं नाही. पुढच्या सत्रात दुसरीकडं इंटर्नशिप पूर्ण करा, एवढं मॅडमनी सांगितलं. घरी आई तिला कामाला हात लावू देत नव्हती. देवळालीच्या मैदानावरून तोफांचा सराव सुरू झाला की काचा थरथरायच्या. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण आता ती दचकून उठायची. तळहातांचे घट्टे सोलून निघाले.

दिवाळीच्या आधी ती कपड्यांची पेटी आणायला म्हणून परत गेली. वडील म्हणाले मी आणतो, पण तिनं ऐकलं नाही.

फाटक उघडंच होतं. भात कापून होत आलेलं. कोंडाजी खळ्यावर पेंढ्या रचत होता. तिला बघून त्यानं नुसती मान हलवली आणि तोंडानं खाचराकडं दाखवलं. हिरामण तिथं वाकलेला होता. तार नव्हती, खुंट्याही नव्हत्या.

ती बांधावर जाऊन उभी राहिली. तो सरळ झाला. गालाची हाडं वर आली होती.

"कधी सुटलात?"

"झाले काही दिस." त्यानं विळा कमरेला खोचला. "जेवलीस का?"

"काका, तुम्ही असं का केलंत?"

त्यानं एका पेंढीचा बंध पिळला, सोडला, परत पिळला.

"तू खरं बोलली. मी खोटा बोललो," तो म्हणाला. "बाबाला ह्याच घरात ठेवतो म्हनले सर. आईला माझ्या हितंच जाळलीय, बाबाला दुसरीकडं जायचं नाय." तो थांबला. "आनि सरांनी सांगितलं म्हनलो असतो, तर काय? ती इचारत होती, बंद केली का. ती मलाच इचारत होती. सरांना नाय."

साक्षीला रडू आलं, पण तिनं ते गिळलं. त्याच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. तारेचं त्या रात्री वडिलांना विचारायचं राहून गेलं, हे त्याला सांगावं असंही वाटलं. तिनं सांगितलं नाही. त्यानं तेही उचलून स्वतःच्याच अंगावर घेतलं असतं.

खाचर सगळं कापून झालं होतं. बांधाच्या कडेला, विहिरीच्या बाजूनं, तेवढा एक तुकडा उभा होता. लोंब्या पार वाळलेल्या. काही आडव्या झालेल्या त्या तशाच. दाणे गळायला लागले होते.

"ते राहिलं," ती म्हणाली.

"हां."

"उद्या सर गाडी घेऊन येनार," कोंडाजी खळ्यावरून म्हणाला. "पोत्यात भराया लागंल सगळं."

हिरामणनं कमरेचा विळा काढला. मूठ तिच्याकडं करून पुढं धरला.

"तेवढं तू काप, बाय. माझा हात तिथं चालंना. चार येळा गेलो."

साक्षीनं ओढणी कमरेला बांधली, चपला बांधावर काढल्या आणि खाली उतरली. जमीन आता कोरडी होती, कापलेल्या धाटांचे खुंट तळव्यांना टोचत होते. तिनं डाव्या मुठीत धाटं धरली आणि बुडाशी विळा लावला. कापणी तिला कधी शिकवलीच गेली नव्हती. ती सावित्रीबाईच्या बरोबर करायची राहिली होती. मूठ वेडीवाकडी यायची, विळा अडकायचा. हिरामण बांधावर उभा राहून बघत होता. मध्येच म्हणाला, "खाली. अजून खाली धर."

आडव्या झालेल्या भाताला हात घालताना ती थांबली. ऊन मानेवर होतं. तिनं ती धाटं एकेक करून उचलली, दाणे गळू नयेत म्हणून हळू, आणि कापली.

शेवटची मूठ तिनं बांधावर ठेवली. हिरामणनं ती इतर मुठींवर नीट लावली, लोंब्या एका बाजूला केल्या, आणि गुडघ्याखाली पेंढी दाबून बंध आवळला. गाठ मारून झाली तरी तो गुडघा उचलेना.

"बाबा," त्यानं हाक मारली, "ही येगळी ठेव."

"कशाला?" म्हातारा म्हणाला.

हिरामणनं पेंढी खांद्यावर घेतली आणि खळ्याकडं न जाता घराकडं चालू लागला.